जपानमध्ये पाळणे रिकामे का? आधी मांडव मोजा

एका वाचकांनी विचारलं आहे: "जपानची लोकसंख्या एका वर्षात नऊ लाखांनी घटली असं वाचलं, दुसरीकडे साडेपाच लाख असं वाचलं. खरं काय? सरकार मुलांमागे पैसे देतं, तरी तिथल्या लोकांना मुलं का नको आहेत? आणि माझा भाचा नर्सिंग करून तिकडे म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायच्या कामाला निघाला आहे. त्याने जावं का?"

मी गेली चोवीस वर्षं लोकसंख्येच्या आकड्यांवर काम करते. सुरुवातीला विमा क्षेत्रात मृत्युदरांचे तक्ते केले, पुढे जन्मदराकडे वळले. त्यातली दोन वर्षं जपानच्या उत्तरेला, अकिता प्रांतातल्या एका छोट्या गावात काढली. तुमच्या प्रश्नांतला तिसरा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात एक खरा मुलगा आहे. पण आकड्यांचा गुंता आधी सोडवू, म्हणजे भाचा कुठल्या देशात जातो आहे ते नीट दिसेल.

तुम्ही वाचलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत. २०२४ मध्ये जपानमध्ये ६,८६,०६१ बाळं जन्मली आणि १६,०५,२९८ माणसं गेली. वजाबाकी केली की ९,१९,२३७ येतात. ही झाली नैसर्गिक घट, आणि ती फक्त जपानी नागरिकांची. आता १ ऑक्टोबर २०२३ ते १ ऑक्टोबर २०२४ या वर्षात देशात राहणारी सगळी माणसं मोजली, परदेशी धरून, तर एकूण लोकसंख्या १२ कोटी ३८ लाखांवर आली आणि घट भरली सुमारे साडेपाच लाख. मधला जो फरक आहे तो बाहेरून आलेल्या माणसांचा. म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास परदेशी माणसांनी एका वर्षात ती खाच थोडी बुजवली. बातमीत कुठला आकडा आहे हे पाहताना 'जपानी नागरिक' आणि 'जपानमध्ये राहणारे' एवढा भेद लक्षात ठेवला तरी निम्मा गोंधळ संपतो.

६,८६,००० हा आकडा किती लहान आहे हे कळायला जर्मनी शेजारी ठेवा. जर्मनीची लोकसंख्या साडेआठ कोटींच्या आतबाहेर. तिथे त्याच वर्षी ६,७७,००० बाळं झाली. जपानमध्ये जर्मनीपेक्षा जवळजवळ चार कोटी माणसं जास्त, आणि बाळं तेवढीच. जर्मनीत जन्मदर काही फार वर आहे असंही नाही. तरीही हे असं का होतं, यातच सगळी गोष्ट आहे.

वर्गात शिकवताना मी जपानचा लोकसंख्येचा मनोरा फळ्यावर हाताने काढते. खाली लहान मुलं, वर म्हातारी माणसं, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात तो खरोखर मनोऱ्यासारखा असायचा, खाली रुंद आणि वर निमुळता. जपानचा काढायला गेलं की आकृतीला दोन फुगवटे येतात. वरचा फुगवटा १९४७ ते १९४९ चा. युद्ध संपलं, सैनिक घरी आले, आणि तीन वर्षांत ऐंशी लाख बाळं झाली. खालचा फुगवटा १९७१ ते १९७४ चा. पहिल्या फुगवट्यातली मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, आणि दरवर्षी वीस लाखांहून जास्त बाळं येऊ लागली. १९७३ मध्ये तर जवळपास २१ लाख.

मग तिसरा फुगवटा यायला हवा होता. १९७३ ला जन्मलेली मुलगी १९९८ ला पंचवीस वर्षांची होते, २००३ ला तिशीची. म्हणजे साधारण १९९५ ते २००५ या दहा वर्षांत जन्मांची तिसरी लाट उठायला हवी होती. मनोऱ्यात तिथे बोट फिरवून पाहा, काहीच नाही. भिंत सरळ खाली उतरते आणि आत-आत जाते. ती दहा वर्षं हातची गेली, आणि आज जे दिसतं आहे ते तेव्हाच ठरलं होतं. २०२४ मध्ये ज्या मुलींनी आई व्हायचं, त्या मुळात जन्मल्याच कमी.

याचा एक पुरावा मला फार बोलका वाटतो. २००५ मध्ये जपानचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, १.२६ इतका खाली गेला होता. नंतर तो हळूहळू वर आला आणि २०१५ ला १.४५ झाला. वर्तमानपत्रांनी आनंदही व्यक्त केला. पण त्याच दहा वर्षांत जन्मांची संख्या मात्र १०,६२,००० वरून १०,०५,००० वर घसरली. दर वाढला आणि बाळं कमी झाली, कारण त्या दराने गुणायला आयाच कमी उरल्या होत्या. पुढच्याच वर्षी, २०१६ ला, जन्म दहा लाखांच्या खाली गेले. त्यानंतर दरही पुन्हा पडला: २०२३ ला १.२०, २०२४ ला १.१५. दोन घसरणी एकावर एक आल्या. तिथल्या राष्ट्रीय लोकसंख्या संस्थेने २०२३ मध्ये जो अंदाज बांधला होता त्यात जपानी बाळांची संख्या या पातळीला २०३९ च्या सुमारास येणार होती. ती पंधरा वर्षं आधीच आली.

आता तुमचा दुसरा प्रश्न: लोकांना मुलं का नको आहेत?

इथे मला तुमचं विधानच दुरुस्त करायचं आहे, कारण हाच गैरसमज जपानच्या सरकारनेही बरीच वर्षं जपला. लग्न झालेल्या जपानी जोडप्यांना मुलं होतात. लग्नाला पंधरा ते एकोणीस वर्षं झालेल्या जोडप्यांची सरासरी २०२१ च्या पाहणीत १.९० होती. २००२ मध्ये ती २.२३ होती. म्हणजे घट आहे, पण ती काही देश रिकामा करणारी घट म्हणता येत नाही. खरी पडझड लग्नांत आहे. १९७२ मध्ये तिथे जवळपास ११ लाख लग्नं लागली. २०२३ मध्ये ४,७४,७१७. नव्वद वर्षांत पहिल्यांदा आकडा पाच लाखांखाली गेला. आणि जपानमध्ये लग्नाशिवाय मूल होण्याचं प्रमाण शंभरात दोन-अडीच एवढंच आहे. फ्रान्स किंवा स्वीडनमध्ये लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना मुलं होतात, त्यामुळे तिथे लग्नं घटली तरी पाळणा थांबत नाही. जपानमध्ये मांडव पडला नाही की पाळणाही नाही. या बाबतीत तो समाज आपल्यासारखाच आहे.

पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न झालेल्या माणसांचं प्रमाण तिथले लोक काळजीने मोजतात. १९८० मध्ये पुरुषांत ते शंभरात तीनच्याही खाली होतं. २०२० मध्ये पुरुषांत २८, बायकांत जवळपास १८. शंभरातले अठ्ठावीस पुरुष! आणि त्यांना लग्न नको होतं असंही नाही. त्याच २०२१ च्या पाहणीत १८ ते ३४ वयाच्या अविवाहितांपैकी दहातले आठ जण म्हणाले की कधी ना कधी लग्न करायचं आहे.

मग अडलं कुठे? नोकरीत. १९९१ च्या सुमारास जपानचा मालमत्तेचा फुगा फुटला. कंपन्यांनी जुन्या माणसांना काढलं नाही, कारण आयुष्यभराची नोकरी हा तिथला अलिखित करार होता. त्यांनी नवी माणसं घेणं थांबवलं. जपानमध्ये पदवी मिळाल्याच्या एप्रिलमध्ये नोकरी लागली तर लागली, एकदा ती गाडी चुकली की पुन्हा चढणं महाकठीण. १९९३ पासून पुढची दहा-बारा वर्षं बाहेर पडलेल्या पदवीधरांना तिथे 'हिमयुगाची पिढी' म्हणतात. नोकऱ्या गोठल्या त्या काळातली पिढी. आणि ती कोण? तीच, १९७१ ते १९७४ च्या फुगवट्यातली मुलं आणि त्यांच्या पाठची भावंडं. देशाची सगळ्यांत मोठी तरुण फळी ऐन लग्नाच्या वयात कंत्राटी कामावर, तासावर, एजन्सीमार्फत राबत होती. १९९९ मध्ये कायदा सैल करून असं काम आणखी सोपं केलं गेलं. आज जपानमधल्या नोकरदारांपैकी शंभरात ३७ जण कायम नोकरीत नाहीत. कंत्राटी नोकरीतल्या पुरुषाचं लग्न होण्याची शक्यता कायम नोकरीवाल्यापेक्षा खूपच कमी असते, हे तिथे पाहणीमागून पाहणीत दिसलं आहे. आपल्याकडे 'मुलाला पर्मनंट नोकरी आहे का' हा प्रश्न स्थळ पाहताना विचारतात, तो तिथेही विचारतात, फक्त तोंडाने म्हणत नाहीत.

ही गोष्ट मला नुसती आकड्यांत कळली नव्हती. अकितात आमच्या कार्यालयात एक गृहस्थ होते, माझ्याच वयाचे, कागदपत्रांत अतिशय चोख. दर मार्चला त्यांचा करार संपायचा आणि एप्रिलला नवा व्हायचा. सतरा वर्षं असंच चाललं होतं. एकदा जेवणाच्या डब्यावर बोलता बोलता म्हणाले, "एका वर्षापुढचं मला कुणाला वचन देता आलं नाही." त्यानंतर मी त्या पिढीच्या आलेखाकडे पूर्वीसारखं पाहू शकले नाही.

बायकांच्या बाजूने पाहिलं तर दुसरी अडचण. सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात बायको दिवसाला साडेसात तास घरकाम आणि मूल सांभाळण्यात घालवते, नवरा दोन तासांहून कमी. हा २०२१ चा सरकारी वेळपाहणीचा आकडा आहे. लग्न म्हणजे नोकरीवर पाणी, असा हिशोब शिकलेल्या मुलीने मनाशी केला तर तिला दोष कसा द्यायचा? पाळणाघरात जागा नाही म्हणून थांबलेल्या मुलांची यादी २०१७ मध्ये २६,००० वर होती. आयांनी रस्त्यावर येऊन निदर्शनं केली. मग सरकारने पाळणाघरं वाढवली, आणि २०२४ मध्ये ती यादी अडीच हजारांवर आली. यातला मोठा वाटा नव्या पाळणाघरांचा, हे खरंच. पण दरम्यान मुलंही कमी झाली होती. १९९५ मध्ये ज्या जागा हव्या होत्या त्या २०२० मध्ये मिळाल्या. पितृत्व रजेचंही तेच. १९९६ मध्ये हजारात एखादा बाप ती घ्यायचा, २०२४ मध्ये शंभरात चाळीस घेतात. बदल खरा आहे आणि मोठा आहे. पण तो ज्यांच्यासाठी व्हायला हवा होता ते आज पन्नाशीत आहेत.

याच्या मागेही एक जुनी गोष्ट आहे. १९७४ च्या जुलैमध्ये तोक्योत एक लोकसंख्या परिषद भरली होती, आणि तिथे आवाहन केलं गेलं की मुलं दोनच असू द्या. तेव्हा सगळ्या जगाला लोकसंख्येच्या स्फोटाची धास्ती होती, तेलाचा भडका उडालेला होता, आणि जपानला स्वतःची गर्दी भीतिदायक वाटत होती. त्याच सुमारास प्रजनन दर २.१ च्या खाली गेला आणि पुन्हा कधीच वर आला नाही. म्हणजे आवाहन झालं तेव्हा दार आधीच लागत आलं होतं. १९८९ चा दर १.५७ आला तेव्हा पहिल्यांदा देश दचकला. आणि दचकायचं कारण होतं १९६६. ते वर्ष जपानी पंचांगात 'हिनोए-उमा', म्हणजे अग्नी-अश्वाचं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते, नवऱ्याला भारी पडते, अशी समजूत. आपल्याकडे मंगळ असलेल्या मुलीचं करतात तसंच. १९६५ ला १८ लाख बाळं होती, १९६६ ला १३ लाख ६० हजार, १९६७ ला पुन्हा १९ लाख. मनोऱ्यात ती खाच आजही सुरीने कापल्यासारखी दिसते. त्या अंधश्रद्धेच्या वर्षापेक्षाही खाली, कुठल्याही पंचांगाशिवाय, दर गेला म्हणून १९९० मध्ये सगळे घाबरले. हे वर्ष साठ वर्षांनी पुन्हा येतं, म्हणजे २०२६. तरुण जपानी मुलींमध्ये या समजुतीला आता फारसं वजन राहिलेलं नाही, असं माझं मत आहे. तरी आकडा आला की मी तो सगळ्यांत आधी उघडेन.

पैशांबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर २०२४ पासून बालभत्त्याची उत्पन्नमर्यादा काढली, तो अठराव्या वर्षापर्यंत वाढवला, तिसऱ्या मुलाला महिना ३०,००० येन केला. ज्यांना एक मूल आहे त्यांना दुसऱ्यासाठी याचा आधार होतो. ज्याचं लग्नच ठरत नाही त्याच्या हाती यातलं काहीच पडत नाही. माझी टीका एवढीच आहे की औषध योग्य आहे, पण ते दुसऱ्याच रोग्याला दिलं जातं आहे.

यशाच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. ओकायामा प्रांतातलं नागी हे सहा हजारांच्या आतलं गाव, २०१९ मध्ये तिथला दर २.९५ होता. पथकांवर पथकं पाहायला गेली. गावाने २००२ मध्ये शेजारच्या शहरात विलीन व्हायला मतदानाने नकार दिला, आपला खर्च कापला आणि पैसा मुलांकडे वळवला. आयांना तासा-दोन तासांची कामं मिळवून देणारी व्यवस्था केली, ती मला फार आवडते. पण दोन गोष्टी विसरू नका. एवढ्याशा गावात दहा-वीस बाळं इकडची तिकडे झाली की दर उड्या मारतो. आणि गावात संरक्षण दलाची छावणी आहे, म्हणजे कायम नोकरीतले तरुण आयतेच आहेत. हा दुसरा मुद्दा बातम्यांत क्वचित येतो, आणि तो तर माझ्या मांडणीलाच दुजोरा देतो.

आता हे सगळं गल्लीत कसं दिसतं ते सांगते. माझ्या गल्लीत सात घरं होती, त्यातली तीन बंद. अशा रिकाम्या घराला 'आकिया' म्हणतात. २०२३ च्या मोजणीत देशभरात अशी सुमारे ९० लाख घरं निघाली, दर सात घरांमागे जवळपास एक. माझ्या गल्लीत तर प्रमाण त्याच्या तिप्पट. शेजारच्या बंद घराच्या काचेतून आत देव्हारा दिसायचा, पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसकट. मालक तोक्योत. विकायचं म्हटलं तर तो देव्हारा कुठे न्यायचा हा पहिला प्रश्न. पाडायचं म्हटलं तर दुसरा: ज्या जागेवर घर उभं आहे तिच्यावर कर सवलतीने लागतो, लहान भूखंडाला सहाव्या भागावर. घर पाडलं की सवलत गेली. मग माणसं काहीच करत नाहीत. कोकणात भावाभावांत वाटणी न झालेली, कुलूप लागलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

अकितात बर्फ कमरेएवढं पडतं. ते छतावरून वेळेत उतरवलं नाही तर घर बसतं. बंद घरांचं बर्फ कोण उतरवणार? समोरच्या घरात एक आजी एकट्या राहायच्या, वय ८४. त्यांच्या छतावरचं बर्फ उतरवायला गावचे जे 'तरुण' स्वयंसेवक यायचे त्यांतले दोघे सत्तरी ओलांडलेले होते. दर महिन्याला गावची पत्रिका घरात यायची. शेवटच्या पानावर चार रकाने असत: जन्मले, वारले, राहायला आले, सोडून गेले. पहिल्या रकान्यात एकाच हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढा आकडा, दुसऱ्यात नेहमी दोनअंकी. आजी चष्मा लावून आधी पहिला रकाना बघायच्या. बाळाचं नाव छापलेलं असलं तर मोठ्याने वाचायच्या, ओळखीचं नसलं तरी.

पोरं जातात कुठे? तोक्योला. विशेषतः मुली. आणि तोक्योचा प्रजनन दर २०२४ मध्ये ०.९६ होता, देशात सगळ्यांत कमी. गाव रिकामं होतं आणि शहरात पाळणाही हलत नाही. २०२४ मध्ये तज्ज्ञांच्या एका परिषदेने १,७२९ पैकी ७४४ गावं-शहरं 'नाहीशी होऊ शकतात' अशी यादी काढली. निकष एकच: २० ते ३९ वयाच्या स्त्रिया तीस वर्षांत निम्म्याहून कमी उरणार का. यादीत नाव आलेल्या गावांना याचा राग आला, आणि मला तो समजतो. मुलींना गावात काय काम मिळतं, सणावारी बैठकीत त्या कुठे बसतात, हे कुणी विचारलं नाही, फक्त त्या किती आहेत ते मोजलं.

म्हाताऱ्यांचं प्रमाण सांगितल्याशिवाय तुमच्या भाच्याकडे जाता येणार नाही. १९४७ ते १९४९ चा तो पहिला फुगवटा आता सगळाच्या सगळा पंचाहत्तरीपार गेला आहे. देशात ६५ च्या वरचे शंभरात २९, अकितात त्याहून दहा जास्त. शंभरी गाठलेली माणसं १९६३ मध्ये १५३ होती, सप्टेंबर २०२५ मध्ये ९९,७६३, त्यांतल्या ८८ टक्के बायका. आणि २०२४ या एका वर्षात घरी एकटेच असताना वारलेली माणसं पोलिसांनी मोजली ती ७६,०२०. पहिल्यांदा मोजणी झाली म्हणून आकडा कळला.

या माणसांची काळजी घ्यायला २००० पासून तिथे काळजी-विमा आहे. चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण हप्ता भरतो. उत्तम योजना, मी तिची चाहती आहे. पण काळजी-केंद्राला किती पैसे मिळणार हे सरकारी दरपत्रक ठरवतं, त्यामुळे माणसं मिळत नसली तरी पगार बाजारासारखा वाढत नाही. २०४० पर्यंत असे २७ लाख सेवक लागतील, म्हणजे २०२२ पेक्षा ५ लाख ७० हजार जास्त, असा तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा अंदाज आहे. तुमच्या भाच्याला बोलावलं जातं आहे ते इथे.

बाहेरून माणसं आणून हे भागेल का, असाही प्रश्न यामागे असणार. भागेल थोडंफार. २०२४ च्या शेवटी तिथे ३७ लाख ७० हजार परदेशी राहत होते. अंदाजात दरवर्षी १ लाख ६४ हजारांची निव्वळ भर धरली होती, प्रत्यक्षात दुप्पट येत आहेत. भारतीय सुमारे ५४ हजार. तोक्योच्या एदोगावा भागात आपली वस्ती आहे, आणि तिथल्या नगरसभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. पण २०२५ च्या जुलैमधल्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'आधी जपानी' म्हणणाऱ्या पक्षालाही १४ जागा मिळाल्या. देशाला माणसं हवी आहेत आणि देश माणसांना बिचकतोही आहे, दोन्ही एकाच वेळी.

तर भाच्याने जावं का? जावं, पण व्हिसाचा प्रकार पाहून. 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' म्हणून जाऊ नये. त्या योजनेत मालक बदलता येत नाही म्हणून २०२३ मध्ये ९,७५३ जण काम सोडून परागंदा झाले. २०२४ च्या कायद्याने ती योजनाच गुंडाळायची ठरली आहे. 'विशिष्ट कुशल कामगार' हा मार्ग धरावा. भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्यासाठी शुश्रूषेची परीक्षा आणि जपानीची परीक्षा द्यावी लागते. जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, बायकामुलांना नेता येत नाही. मात्र तीन वर्षं काम झालं की काळजी-सेवकाची राष्ट्रीय परीक्षा देता येते. ती पास झाला की वेगळा व्हिसा मिळतो, तो वाढवता येतो, कुटुंबही नेता येतं. म्हणून पहिल्या दिवसापासून त्या परीक्षेकडे डोळा ठेवावा. एजंट लाखांची रक्कम मागत असेल तर तिथेच थांबावं. कर्ज काढून गेलेला मुलगा वाईट जागा सोडू शकत नाही. पगाराच्या कागदावर घरभाडं आणि कापले जाणारे हप्ते आधी विचारून घ्यावेत, हाती काय येतं तेवढाच पगार समजावा.

त्याला हेही सांगा की इथलं नर्सिंगचं प्रमाणपत्र तिथे नर्स म्हणून चालणार नाही. आंघोळ घालणं, भरवणं, लंगोट बदलणं, रात्री उठून कूस वळवणं हे काम आहे. ते कमी प्रतीचं नाही, पण त्याची अपेक्षा वेगळी असेल तर तो पहिल्या महिन्यात मोडून पडेल.

आणि भाषेचं. वर्गात शिकलेली जपानी परीक्षेपुरती ठीक. उत्तरेकडच्या एखाद्या गावात नेमणूक झाली तर आजी-आजोबा तिथली बोली बोलतील. थंडीत तोंड कमीत कमी उघडायचं असल्यासारखी ती बोली, शब्द अर्धेच बाहेर येतात. मला पहिले दोन महिने समोरच्या आजींचं अवाक्षर कळत नव्हतं. 'हो' ला त्या शहरी 'हाय' म्हणायच्या नाहीत, 'न्दा' म्हणायच्या. मी एका सकाळी बर्फ ओढता ओढता त्यांना "न्दा" म्हणाले, तर त्यांनी फावडं खाली ठेवलं, मला आत बोलावलं आणि मुळ्याचं धुरी दिलेलं लोणचं पुढ्यात मांडलं. भाच्याला तेवढा एक शब्द आत्ताच शिकवून ठेवा.